रविवारी उमेदवाराला काय विचारायचं? (सोसायटी ग्रुप)

सेक्रेटरी, ए ३०१: रविवारी संध्याकाळी ७ वाजता पालिका निवडणुकीतले आपल्या वॉर्डाचे एक उमेदवार सोसायटी हॉलमध्ये येणार आहेत. त्यांची पत्रकं वॉचमनकडे ठेवलीत. प्रश्न आधीच ठरवा, नाहीतर मागच्यासारखा तासभर पार्किंगवरच जाईल.

बी ५०२: वाचलं. म्हणे "पोलीस ठाणं जनतेला उत्तरदायी करणार". अहो, पोलीस राज्याच्या गृह खात्याखाली येतात. मुंबई पालिकेत २२७ नगरसेवक, पण एकाच्याही हातात शिपायाची बदली नाही.

ए ७०४: म्हणून विचारायचंच नाही? गेल्या वर्षी मी रिक्षात बसताना बाइकवाल्याने मोबाईल खेचला. ठाणे अंमलदार म्हणाले, "मॅडम, गहाळ लिहा, लवकर मोकळ्या व्हाल." दमले होते, सही करून आले. कागद अजून आहे. त्यावर लिहिलंय "प्रवासात कुठेतरी पडला". 😡

सी १०३ (वकील): ताई, हा दखलपात्र गुन्हा, म्हणजे पोलिसांनी कोर्टाला न विचारता तपास करायचा असा. सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या ललिता कुमारी निकालानंतर अशा वेळी एफआयआर घ्यावाच लागतो. नाही घेतला तर डीसीपींना (पोलीस उपायुक्तांना) लेखी कळवायचं. १ जुलै २०२४ पासून ऑनलाइनही माहिती देता येते, ३ दिवसांत जाऊन सही केली की झालं.

बी ५०२: कायदे ढीगभर आहेत हो. ऐकलं नाही तर जायचं कुठे?

सी १०३: पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे. २००६ मध्ये प्रकाश सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते नेमायला सांगितलं. आपल्याकडे २०१४ मध्ये कायद्यात आलं, राज्य पातळीवर हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती अध्यक्ष. कोर्टाने जिल्ह्याजिल्ह्यात म्हटलं होतं, आपण विभागावर भागवलं. ग्रुपवर कुणी नाव तरी ऐकलंय?

ए २०२: 🙋 मी नाही. उद्या टाकी धुणार आहेत ना?

बी १०१ (निवृत्त हवालदार): ३२ वर्षं वर्दी घातली, नायगावच्या पोलीस लाइनीत राहिलो. 'गहाळ' लिहून घेतात, खोटं कशाला बोलू? गुन्ह्यांचा आकडा फुगला की वरून पीआयला (पोलीस निरीक्षकाला) झापतात, पीआय खाली झापतो. आणि २०१६ ला देवनारपासून ८ तासांची ड्युटी सुरू झाली, तेव्हा बरं वाटलं होतं. पण गणपतीचा बंदोबस्त लागला की कसले ८ तास? १४ तास उभा असलेला माणूस काय गोड बोलणार!

ए ७०४: काका, मीही ऑफिसातून लटकत आले होते त्या दिवशी.

बी १०१: ते कबूल, ताई.

सेक्रेटरी, ए ३०१: प्रश्न सांगा प्रश्न.

सी १०३: २०२० चा सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे, प्रत्येक ठाण्यात लॉकअपपासून व्हरांड्यापर्यंत कॅमेरे, रेकॉर्डिंग १८ महिने, निदान १ वर्ष तरी ठेवायचं. आपल्या ठाण्यातले चालू आहेत का, हे लेखी विचारून उत्तर ग्रुपवर टाकाल का? एवढंच विचारा. नगरसेवकाला पोलीस ठाण्याला पत्र लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

बी ५०२: आणि रिक्षा स्टँडचा दिवा बंद आहे, मोबाईल तिथेच गेला ना? ते तर पालिकेकडेच मागायचं काम. पत्रकात त्याचा एक शब्द नाही.

ए ७०४: मी तो कागदच घेऊन येते.

बी १०१: आणा. फक्त ठाण्याचा शिक्का झाकून आणा, माझा पुतण्या तिथेच आहे.