जावा फुल स्टॅक कोर्स झाला, आता पुढे काय? (फाउंड्रीतली नोकरी, कोल्हापूर की पुणे)

शिरोली_सेकंड_शिफ्ट

नमस्कार मंडळी. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या क्वालिटी विभागात तीन वर्षं आहे. नोकरी सांभाळून सहा महिन्यांचा जावा फुल स्टॅक कोर्स (वेबसाइटची स्क्रीन, सर्व्हर, डेटाबेस तिन्ही) पूर्ण केला: कोअर जावा, स्प्रिंग बूट, मायएसक्यूएल, रिअ‍ॅक्ट. सर्टिफिकेट हातात आहे, मुलाखतीचं बोलावणं मात्र कुठूनच नाही.

विचारायचं असं की क्लासमध्ये सगळ्या बॅचनं केलेला ई-कॉमर्स प्रोजेक्ट रेझ्युमेवर चालतो का? फाउंड्रीचा अनुभव लिहायचा की गाळायचा? एक कन्सल्टन्सीवाला दोन वर्षांचा आयटी अनुभव ‘लावून देतो’ म्हणतोय, पैसे नोकरी लागल्यावर. आणि सुरुवात इथंच करावी की थेट पुणे गाठावं? घरचे म्हणतात, हातातली सोडू नको.

सेमीकोलन_राहिला

भावा, ते शॉपिंग कार्ट आधी रेझ्युमेवरनं काढ. एका बॅचचे सगळे रेझ्युमे एकाच आठवड्यात बाहेर पडतात, सगळ्यांच्या गिटहबवर (कोड ठेवायची साइट) तेच कार्ट, तीच टेबलं, स्पेलिंगच्या चुकासुद्धा त्याच. बघणाऱ्याला ते तिसऱ्या रेझ्युमेला कळतं.

तुझ्याकडे जे आहे ते त्या बॅचमधल्या बाकीच्यांकडे नाही, ते म्हणजे रिजेक्शन रजिस्टर. त्याचाच प्रोजेक्ट कर. टेबलं चारच पुरतात: पार्ट (नंबर, ग्रेड, वजन), हीट, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू (हीट नंबर, तारीख, शिफ्ट, भट्टी), पोअरिंग (कुठल्या हीटमधून कुठला पार्ट किती नग ओतला) आणि रिजेक्शन (दोष, नग, कुठल्या टप्प्यावर सापडला). दोषांची यादी तुला पाठच असेल: ब्लोहोल, सँड ड्रॉप, कोल्ड शट, श्रिंकेज, मिसमॅच.

दिसायला सोपं आहे, पण खरी मजा आत आहे. हीट नंबर बऱ्याच ठिकाणी दर वर्षी, काही ठिकाणी तर रोज एकपासून सुरू होतो. म्हणजे नुसत्या हीट नंबरला युनिक केलंस की दुसऱ्या दिवशी एंट्रीच पडणार नाही, तारीख किंवा वर्ष सोबत घ्यावं लागतं. पुढचं, ग्राहकाच्या मशिनिंगमध्ये सापडलेला ब्लोहोल महिन्याभरानं कळतो. तो सापडला त्या महिन्यात मोजायचा की ओतला त्या महिन्यात? दोन तारखा ठेवल्यास तरच दोन्ही रिपोर्ट निघतील. टक्केवारीही नगावर आणि वजनावर वेगवेगळी येते. छोटे शंभर ब्रॅकेट गेले आणि मोठी दोन हाउसिंग गेली, यात मालकाला दुसरं जास्त झोंबतं. आणि रिजेक्शनची बेरीज ओतलेल्या नगापेक्षा जास्त होता कामा नये. दोघांनी एकाच वेळी एंट्री मारली तर नुसता सर्व्हिसमधला इफ-चेक तो घोळ पकडत नाही, ट्रान्झॅक्शनमध्ये पोअरिंगची ती रो लॉक करूनच बेरीज तपासावी लागते.

मुलाखतीत ‘ही डिझाइन अशी का’ विचारलं की या चार गोष्टींवर तू अर्धा तास बोलू शकतोस. कार्टवर पाच मिनिटं निघत नाहीत.

एकच पथ्य. कंपनीचा खरा डेटा, ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग, खरा पार्ट नंबर, यातलं काहीही गिटहबवर जाता कामा नये. आकडे बनवून टाक.

पोर्ट_८०८०

वरच्याशी सहमत. पण प्रोजेक्ट सुरू करायच्या आधी क्लासच्या नोट्स किती जुन्या आहेत ते बघ. इम्पोर्टच्या ओळी ‘जावाएक्स’ने सुरू होत असतील, म्हणजे जावाएक्स डॉट पर्सिस्टन्स वगैरे, तर शिकवलंय ते स्प्रिंग बूट २. त्याच्या शेवटच्या २.७ आवृत्तीचा मोफत सपोर्ट नोव्हेंबर २०२३ मध्येच संपला. बूट ३ नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, त्याला किमान जावा १७ लागतं आणि तिथं सगळं ‘जकार्ता’ झालंय. सिक्युरिटीसाठी जो वेबसिक्युरिटीकॉन्फिगररअ‍ॅडॅप्टर एक्स्टेंड करायला शिकवतात तो क्लास आता उरलेलाच नाही, त्याजागी सिक्युरिटीफिल्टरचेनचा बीन लिहायचा. रिअ‍ॅक्टचंही तसंच: क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे बाद झालं, नवीन प्रोजेक्ट ‘वीट’ (Vite) या टूलवर काढ.

जुन्या नोट्समधला कोड नव्या प्रोजेक्टमध्ये चिकटवला की लाल रेघांचा पाऊस पडतो आणि पोरं समजतात आपल्यालाच जमत नाही. कोड चुकीचा नसतो, आवृत्ती जुनी असते.

डिप्लॉय कर, म्हणजे नेटवर चालू ठेव, नुसता लोकलहोस्टचा (स्वतःच्या मशीनवरचा) स्क्रीनशॉट कोण मोजत नाही. रेंडर या होस्टिंग साइटचा मोफत प्लॅन शिकायला बरा आहे, पण त्याचे काटे माहीत असू देत. जावा तिथं थेट चालत नाही, डॉकरफाइल (प्रोग्रॅम कसा बांधायचा नि चालवायचा याची कृती) लिहावी लागते. मोफत सर्व्हरला मेमरी ५१२ एमबी, म्हणून जेव्हीएमच्या (जावा चालवणारा प्रोग्रॅम) कमाल हीपला, म्हणजे तो वापरेल त्या मेमरीला, ३०० एमबीच्या आसपास लगाम घाल, नाहीतर मेमरी संपून अ‍ॅप मधेच मरतं. पोर्ट ८०८० पक्का लिहू नको (माझ्या नावावर जाऊ नको), एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घे. तयार डेटाबेस पोस्टग्रेसचा मिळतो, मायएसक्यूएलचा नाही, त्यामुळं ड्रायव्हर आणि थोड्या क्वेरी बदलाव्या लागतील. आणि तो मोफत डेटाबेस ३० दिवसांनी मुदत संपून बंद होतो, हे न वाचल्यामुळं ऐन मुलाखतीच्या आठवड्यात प्रोजेक्ट रिकामा दिसतो. टेबलं आणि नमुना डेटा भरणारी स्क्रिप्ट रेपोत ठेव, म्हणजे नवीन डेटाबेस काढून पुन्हा उभं करता येतं.

शिवाय १५ मिनिटं कुणी फिरकलं नाही की सर्व्हर झोपतो, उठायला मिनिटभर लागतं. मुलाखतीच्या आधी स्वतः लिंक उघडून त्याला जागं करून ठेव.

लोकलला चाललेलं डिप्लॉय केल्यावर कॉर्सच्या (एका पत्त्यावरच्या पानाला दुसऱ्या पत्त्यावरचा सर्व्हर वापरायची परवानगी) एररने अडतं, हे ठरलेलंच. कंट्रोलरवर क्रॉसओरिजिन लावून भागत नाही. स्प्रिंग सिक्युरिटी असेल तर फिल्टर चेनमध्येही कॉर्स चालू करावा लागतो, नाहीतर ब्राउझरची आधीची ऑप्शन्स रिक्वेस्टच ४०१ किंवा ४०३ (परवानगी नाही) खाऊन परत येते.

गिटचं एक. अ‍ॅप्लिकेशन प्रॉपर्टीज फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड लिहून पुश केला आणि मग पुढच्या कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) खोडला, तरी तो जुन्या कमिटमध्ये दिसतोच. आधी पासवर्ड बदलायचा, हिस्टरीची साफसफाई नंतर. आणि सगळा प्रोजेक्ट ‘फायनल’ नावाच्या एकाच कमिटमध्ये टाकू नको. कुणीतरी दिलेलं झिप उघडून चढवलंय असंच वाटतं.

कागल_नाका_एचआर

अनुभवाबद्दल विचारलंत त्याचं सरळ उत्तर: फाउंड्रीची तीन वर्षं लिहायचीच, आणि लावून घेतलेली दोन वर्षं अजिबात लिहायची नाहीत.

बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये कंपन्या ईपीएफओची सर्व्हिस हिस्टरी, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट आणि बऱ्याचदा फॉर्म २६एएस (कापलेल्या कराचा तक्ता) मागतात. फाउंड्रीत तुमचा पीएफ कापला जात असेल तर तुमच्या यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) महिन्यागणिक फाउंड्रीचंच नाव आहे. त्याच काळात एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत होतो असं पत्र जोडलं तर ते पहिल्याच फेरीत आपटतं. कधी कधी रुजू झाल्यावर चार-सहा महिन्यांनी उघड होतं, तेव्हा तर थेट काढून टाकतात आणि रिलीव्हिंग लेटरही मिळत नाही. कन्सल्टन्सीवाल्याचं काही जात नाही, सही तुमची असते.

रेझ्युमे एकच पान. वर प्रोजेक्ट आणि लिंक, मग स्किल्स, मग अनुभव, शिक्षण आणि कोर्स शेवटी दोन ओळीत. फाउंड्रीच्या अनुभवात ८डी रिपोर्ट (दोषाचं कारण आणि उपाय मांडणारा), रिजेक्शन अ‍ॅनालिसिस, ऑडिटची कागदपत्रं असं जे खरंच केलं असेल ते लिहा. उत्पादन क्षेत्राचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना तेच हवं असतं. स्किल्समध्ये मायक्रोसर्व्हिसेस, काफ्का, एडब्ल्यूएस अशी माळ लावू नका. जे लिहाल त्यावर प्रश्न येणार.

ऑफर देण्याआधी रजिस्ट्रेशन, लॅपटॉप डिपॉझिट, ट्रेनिंग फी अशा नावाखाली पैसे मागितले की तिथंच फोन ठेवायचा. कंपनीचं नाव कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर फुकट तपासता येतं.

बाँडबद्दल (ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचा करार) मुलं एकतर घाबरतात नाहीतर ‘कोर्टात टिकत नाही’ म्हणून डोळे झाकून सही करतात. दोन्ही चूक. विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दलची दोन लाखांची भरपाई ग्राह्य धरली. ती सरकारी बँक होती आणि भरतीच्या खर्चाचा मुद्दा होता, त्यामुळं प्रत्येक बाँडला तो निकाल जसाच्या तसा लागू होईल असं नाही. पण रक्कम किती, मुदत किती, मोजणी ट्रेनिंगपासून की कन्फर्मेशनपासून, हे वाचल्याशिवाय सही नको. मूळ मार्कशीट कुणाकडेही ठेवून घेऊ देऊ नका, दाखवा आणि परत घ्या.

शिरोली_सेकंड_शिफ्ट

ताई, डोळे उघडले. कन्सल्टन्सीवाल्याला आजच नाही सांगतो. अजून एक, क्लासमध्ये डीएसए (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम) जवळजवळ घेतलंच नाही. ते न करता मुलाखती द्यायच्या का? आणि कोल्हापूर-पुण्याचं कुणीच बोललं नाही.

लेफ्ट_जॉइन

छोट्या आणि मध्यम कंपन्यांत स्ट्रिंग, अ‍ॅरे, हॅशमॅप एवढ्यावर भागतं. ट्री-ग्राफ प्रॉडक्ट कंपन्यांसाठी. तुझ्या जागी वेळ एसक्यूएलला जास्त द्यावा, कारण पोरं तिथं आपटतात. तुझ्याच टेबलांवर करून बघ: सगळे पार्ट दाखव, आणि प्रत्येकासमोर या महिन्यातल्या रिजेक्शन एंट्रींची संख्या, एकही नसेल तर शून्य.

लेफ्ट जॉइन (डाव्या टेबलच्या सगळ्या रो ठेवून उजवं टेबल जोडणं) सगळेच लावतात. मग महिन्याची अट व्हेअरमध्ये टाकतात आणि रिजेक्शन नसलेले पार्ट गायब होतात, कारण त्यांच्या उजव्या बाजूला नल, म्हणजे रिकामी किंमत, आहे आणि नल कुठल्याच तारखेच्या अटीत बसत नाही. अट जॉइनच्या ऑनमध्ये हवी. ती तिथं नेली की पार्ट दिसतात, पण शून्याच्या जागी १ येतो, कारण काउंट स्टार रो मोजतो आणि नल असली तरी रो आहेच. काउंटमध्ये रिजेक्शन टेबलचा आयडी टाकला की शून्य येतं. हे दोन्ही खड्डे न बघता सांगता आले तर समोरचा पुढचे तीन प्रश्न विचारतच नाही.

‘दुसरा सर्वात जास्त पगार’ अजून विचारतात. उतरत्या क्रमाने लावून दुसरी रो उचलली आणि सर्वात जास्त पगार दोघांना असला तर उत्तर चुकतं. डिस्टिंक्ट लाव.

जावात ठरलेले सापळे: इक्वल्स ओव्हरराइड केलं पण हॅशकोड नाही केलं तर हॅशमॅपमध्ये टाकलेली वस्तू परत का सापडत नाही. दोन इंटिजर १२७ चे असले तर डबल इक्वल टू खरं आणि १२८ चे असले तर खोटं का. आणि स्प्रिंगमध्ये त्याच क्लासच्या एका मेथडमधून दुसऱ्या ट्रान्झॅक्शनल मेथडला हाक मारली तर ट्रान्झॅक्शन का सुरू होत नाही. हा शेवटचा पाठ करू नको, तुझ्या रिजेक्शन एंट्रीवर मुद्दाम करून बघ, प्रॉक्सी म्हणजे काय ते आपोआप डोक्यात बसेल.

आता गावाचं. टेंबलाईवाडीचा आयटी पार्क सोडला तरी राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्कात छोट्या कंपन्या आहेत. साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था, फाउंड्री यांच्या सॉफ्टवेअरचं काम जिल्ह्यात असतंच. त्यांच्या जाहिराती नोकरीच्या साइटवर फारशा येत नाहीत, फोन करून रेझ्युमे हातात द्यावा लागतो. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं, त्याआधी कारखान्यांकडे बसवणं आणि शिकवणं याला माणूस लागतो, म्हणून श्रावणातच विचारायला लाग. तोटा असा की बऱ्याच ठिकाणी डॉट नेट किंवा पीएचपी असतं, आणि कोड लिहिण्यापेक्षा क्लायंटकडच्या चकरा जास्त होऊ शकतात. जाण्याआधी विचार: गिट वापरता का, कोड कोण तपासतं, आठवड्यात किती दिवस साइटवर? तिन्ही उत्तरं गुळमुळीत आली तर तिथं तू सपोर्टलाच राहशील.

पुण्यात जागा जास्त आणि गर्दीही जास्त. नोकरी सोडून तिकडं कॉट बेसिसवर बसून शोधायला माझा विरोध आहे. पहिल्या फेऱ्या बहुतेक ऑनलाइन होतात, सेकंड शिफ्ट असेल तर सकाळ मोकळी आहेच. समोरासमोरची शेवटची फेरी असेल तेव्हाच रजा टाकून जा.

सेमीकोलन_राहिला

लेफ्ट_जॉइनशी एका बाबतीत पटत नाही. सपोर्टला एवढं कमी लेखू नका. ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) इम्प्लिमेंटेशनमध्ये हीट नंबर म्हणजे काय ते न सांगता कळणारा माणूस सहजासहजी मिळत नाही, पुण्यातसुद्धा. फक्त डेव्हलपरच व्हायचं असेल तर वेगळी गोष्ट, मग वर्षभरात कोडवर यायचं असं रुजू होतानाच बोलून घे.

शिरोली_सेकंड_शिफ्ट

टेबलं आज रात्रीच काढायला घेतो. ऑफर आलीच तर इथल्या नोकरीचं काय काय बघायचं?

कागल_नाका_एचआर

नेमणूकपत्रात नोटीस किती दिवसांची ते आजच बघून ठेवा, मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत विचारतात. लेखी ऑफर आल्याशिवाय राजीनामा नाही. राजीनामा ईमेलने द्या, पोच ठेवा, आणि रिलीव्हिंग लेटर घेतल्याशिवाय गेट पास परत करू नका. पीएफ काढू नका, पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागू शकतो. नव्या कंपनीत जुनाच यूएएन द्या. तिथं चुकून नवा निघाला तर सर्व्हिस हिस्टरी दोन तुकड्यांत दिसते आणि पुढच्या व्हेरिफिकेशनला तेच निस्तरत बसावं लागतं.