हरभऱ्यातली घाटेअळी आणि कापसातली बोंडअळी एकच का?

शिरोळकर: सोयाबीन काढून तीस गुंठ्यांत हरभरा केलाय. काल घाटे बघितले तर गोल भोक, अळीचं डोकं आत आणि निम्मं अंग बाहेर. परभणीला दिलेली बहीण फोटो बघून म्हणाली, "दादा, ही तर आमच्या कापसातली बोंडअळी!" आमच्याकडं तर सगळा ऊस, मग कापसाची अळी आली कुठनं? काळजी लागलीय.

पंचगंगाकाठ: ताईंचं बरोबर आहे. अमेरिकन बोंडअळी आणि घाटेअळी एकच, शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा. कापूस, तूर, हरभरा, टोमॅटो, काहीही खाते. गुलाबी बोंडअळी मात्र वेगळी, ती बोंडाच्या आतच लपते, बाहेरून कळतही नाही. एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे सापळे लावा. सलग तीन दिवस सापळ्यात आठ-दहा पतंग दिसले तर फवारणीला लागा.

शिरोळकर: दुकानदारानं तीन औषधं एकत्र मारायला सांगितलंय.

पंचगंगाकाठ: नका मारू दादा, कळकळीनं सांगतो. ही अळी औषधाला लवकर दाद देईनाशी होते, आणि मित्रकिडी फुकट मरतात. बारीक अळ्यांवर पाच टक्के निंबोळी अर्क किंवा एचएनपीव्ही, म्हणजे याच अळीला रोग पाडणारा विषाणू फवारा, तोही संध्याकाळीच, उन्हानं हा विषाणू निकामी होतो. रोगट अळ्या शेंड्याला उलट्या लोंबताना दिसतील.

माळरान: टी आकाराच्या काठ्याही रोवा. आमच्यात कोतवाल पक्षी सकाळी येऊन बसतात, अळ्या वेचून खातात. घाटे भरायला लागले की काठ्या काढा.

शिरोळकर: काठ्या आजच रोवतो. सापळे उद्या आणतो.