अनुभव धागा : दुसऱ्याच्या मापाने न मोजलेला विश्वास

नगरची माहेरवाशीण
चर्चच्या युवक शिबिरात साक्ष देण्यासाठी, म्हणजे देवाने आपले आयुष्य कसे बदलले ते सर्वांसमोर सांगण्यासाठी, माझ्या भाचीचे नाव सुचवले गेले, तेव्हा तिने नकार दिला. तिच्या म्हणण्यानुसार तिच्या आयुष्यात सांगण्यासारखे काही घडलेलेच नाही. ना व्यसन सुटले, ना असाध्य आजार बरा झाला, ना घरच्यांनी बाहेर काढले. ते ऐकून मला माझे तरुणपण आठवले. नगरमध्ये 1831 पासून ख्रिस्ती मिशनचे काम आहे आणि आमच्या घरात विश्वास कित्येक पिढ्यांचा आहे, त्यामुळे शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा बायबलचा वर्ग), नाताळची गीते आणि रात्रीची कौटुंबिक प्रार्थना मला न मागता मिळाली. परंतु ज्यांचे जीवन एका रात्रीत पालटले त्यांच्या साक्षी ऐकताना, आपला विश्वास वारशाने आलेला आणि म्हणून कमी प्रतीचा आहे, असे मला वाटत राही. उधळ्या पुत्राचा दाखला म्हणजे बापाची संपत्ती उधळून परतलेला धाकटा आणि घरीच राहिलेला थोरला यांची येशूने सांगितलेली गोष्ट; तिच्यावर बोलताना सगळे धाकट्याविषयीच बोलतात. पुढे बायबलमध्ये ती गोष्ट जेथे आहे तो लूकचा पंधरावा अध्याय सावकाश वाचताना लक्षात आले की रुसलेल्या थोरल्याची समजूत घालायलाही बाप घराबाहेर आला होता, आणि "तू माझ्याबरोबर नेहमीच आहेस" हे शब्द थोरल्यासाठीच आहेत. त्या दिवसापासून मी कोणाची साक्ष ऐकताना माझी तिच्या शेजारी ठेवून तोलणे थांबवले. आपलेही अनुभव लिहावेत. उपदेश मात्र नको, तो रविवारी मिळतोच.

वसईची थोरली
आमच्या आळीत ज्या घरातून कोणी फादर किंवा सिस्टर झाले नाही, असे घर शोधावे लागते. माझा भाऊ फादर आहे आणि आजही माझी ओळख "फादरची बहीण" अशीच करून दिली जाते. मी इतकी वर्षे शिवणकाम करून संसार उभा केला, याविषयी कोणी विचारत नाही. मला आधार मिळाला तो संत छोट्या तेरेजाचा. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठाच्या भिंतींआड राहून ती 1897 साली चोविसाव्या वर्षी वारली, आणि तरीही 1927 साली तिला मिशनकार्याची आश्रयदाती घोषित केले गेले, तेही गोव्यापासून जपानपर्यंत फिरलेल्या संत फ्रान्सिस झेवियरच्या जोडीने! पुढे मी उत्साहाने स्वतःला तेरेजाच्या मापाने मोजू लागले, तेव्हा भावानेच हसत विचारले, "ताई, आता तुझ्यासाठी मठ पाहायचा का?"

पेटीवाला
ताई, मुलांचे डबे भरता भरता लिहीत असल्याने थोडक्यात सांगतो. गायनवृंदात माझा आवाज कोणालाच नको होता, म्हणून पाळकसाहेबांनी (आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी) मला पेटीवर बसवले. आता गाणारे बदलत राहतात आणि मी तेथेच आहे. वसईच्या ताईंच्या भावाला माझा नमस्कार सांगावा.

भिंगारकर
येथे मला थोडा मतभेद नोंदवायचा आहे. "कोणाशी तुलना करू नका" हा उपदेश आम्हाला बहुधा वरच्या पायरीवरून ऐकू आला. मराठी ख्रिस्ती इतिहासावर भाषण असले की बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड टिळक यांची नावे घेतली जातात, आणि ती घ्यायलाच हवीत. परंतु नगर जिल्ह्यातील गावोगावच्या मंडळ्या (स्थानिक चर्च) ज्यांनी उभ्या केल्या, ते बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतून आले होते. माझे पणजोबा त्यांतलेच. त्यांची नावे भाषणात येत नाहीत, तेथे त्यांची केवळ संख्या येते. माझ्या आजीला मात्र याचे काही वाटत नसे. गावच्या लेखी तिचे घराणे म्हणजे अंगावर पडलेले काम होते, आणि मंडळीच्या नोंदवहीत तिचे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि बाप्तिस्म्याची तारीख लिहिलेली होती. वाचता येत नसूनही त्या पानावरची आपली ओळ ती बोटाने दाखवीत असे. आपले मोल कोणी ठरवले, हे तिला ठाऊक होते. ते कोणाच्या शेजारी बसवून पाहण्याची तिला गरज वाटली नाही. म्हणून तुलना सोडण्याचा सल्ला देणाऱ्याने आधी आपण कोठे उभे आहोत ते पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

नगरची माहेरवाशीण
दादा, आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. आजींविषयी सवडीने आणखी लिहावे.

मिरजेची निवृत्त सिस्टर
वसईच्या ताईंचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगते की मी दवाखान्यातली सिस्टर आहे. माझ्याबरोबर शिकलेल्या बऱ्याच जणी आखाती देशांत गेल्या, त्यांनी बंगले बांधले आणि प्रार्थनासभेत "प्रभूने आशीर्वाद दिला" असे सांगितले. तेव्हा मला प्रश्न पडे की रात्रपाळीत येथेच राहिलेल्या माझ्या वाट्याला आशीर्वाद आलाच नाही का. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र मागे वळून दुसऱ्या शिष्याविषयी विचारतो, "ह्याचे काय?" प्रभू त्याला सरळ म्हणतो, "तुला त्याचे काय? तू माझ्यामागे ये." मला ते उत्तर गोड वाटले नाही, परंतु उपयोगी पडले. पेत्राची चौकशीची सवय सुटली की नाही, हे शास्त्रात दिलेले नाही. माझी अजून अधूनमधून डोके वर काढते.

मंडळीचा खजिनदार
सिस्टर, आमच्याकडे सुगीच्या सणाला विधवेच्या दोन नाण्यांवर, म्हणजे गरिबाचे थोडे दान श्रीमंतांच्या दानाहून मोठे या बायबलमधल्या गोष्टीवर, प्रवचन होते आणि त्यानंतर लगेच देणगीदारांची यादी मोठ्या रकमेपासून खाली अशी वाचली जाते. धुणीभांडी करणारी एक बहीण यादी संपेपर्यंत मान खाली घालून बसलेली मी पाहिली, तेव्हा रकमा न वाचता केवळ नावे आडनावांच्या अकारविल्हे वाचावीत असा ठराव मी मांडला आणि बऱ्याच वादानंतर तो मंजूर झाला. आता ज्यांचे आडनाव "अ"पासून सुरू होते, ते आपण पहिले आलो म्हणून खूश असतात.