मदत हवी आहे: मोबाईलला जोडून सिफिलिसची टेस्ट करायचं यंत्र मिळतं का?

नमस्कार मंडळी, मी वाळवा तालुक्यात ऊसतोडीच्या टोळ्यांत आरोग्याचं काम करते. गरोदर बायकांची सिफिलिसची (उपदंश, शरीरसंबंधातून पसरणारा गुप्तरोग) तपासणी राहूनच जाते, सांगली सिव्हिलला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते आणि मुकादमाची कटकट वेगळीच. कोलंबिया विद्यापीठाचा फोनला लावायचा डोंगल वाचला, रवांडात ९६ पेशंटवर वापरून २०१५ ला छापून आलेला, बोटातलं थेंबभर रक्त आणि १५ मिनिटांत एचआयव्ही सिफिलिस दोन्ही, वीजपण फोनचीच. तसलं आपल्याकडं मान्यता असलेलं काही कुणी वापरलंय का? पट्टीवालं किट माहितीये, पण रेघ फिकट आली की आमच्यातच वाद, शिवाय उपचार झालेला जुना सिफिलिसपण त्यात पॉझिटिव्ह येतो. खात्री लॅबलाच करायची हे कळतं हो, त्यावर लेक्चर नको 🙏