मदत हवी आहे: १२ मजली ऑफिसला उघडणाऱ्या खिडक्या द्यायच्यात, पण मे महिन्याचं काय करू?

नमस्कार मंडळी. मी आर्किटेक्ट, छत्रपती संभाजीनगरला छोटं ऑफिस आहे आमचं आणि जालना रोडला १२ मजली ऑफिस बिल्डिंगचं काम आलंय, उंची ४२ मीटर. आजवर पाच मजल्याच्या वर गेलेली नाही म्हणून इथं विचारायलेय. क्लायंट म्हणायलेत चारी बाजूंनी काच पाहिजे आणि खिडकी एकही उघडणारी नको, धूळ येते. धुळीचं त्यांचं खरंय, एप्रिल-मेत वावटळ सुटली की टेबलावर बोटानं नाव लिहिता येतं. पण मी स्वतः अशाच बंद काचेच्या बिल्डिंगमध्ये सहाव्या मजल्यावर पश्चिमेला दोन वर्षं काढलीत, मे महिन्यात एकदा दुपारी लाइट गेली, जनरेटरवर एसी नव्हता, अर्ध्या तासात सगळे जिन्यात येऊन बसले आणि आतून काचेला तळहात टेकवला तर दहा मोजेपर्यंत ठेवता येत नव्हता. तसली बिल्डिंग माझ्या हातून व्हायला नको.

पैठणचं आमचं जुनं घर माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं), जाड मातीच्या भिंती, वर सानं, म्हणजे उजेडा-हवेसाठी छताला ठेवलेलं भोक. उन्हाळ्यात दिवसा आजी सान्यावर पाटी पालथी घालायला लावायची, दिवस मावळला की काढायला. रात्रभर गरम हवा वरून निघून जायची, सकाळी भिंतीला पाठ टेकवली की गार लागायचं. तेच मला १२ मजल्यांत करायचंय.

वाचलं त्यात फ्रँकफर्टचा कॉमर्झबँक टॉवर फार आवडला, १९९७ चा, आर्किटेक्ट नॉर्मन फॉस्टरचा, ५६ मजले, मधे त्रिकोणी चौक आणि दुहेरी काचेच्या आत उघडणाऱ्या खिडक्या. पण आपल्याकडं ४१-४२ डिग्रीत त्या दोन काचांमधल्या फटीची भट्टी होणार नाही का? दुसरं, चौक खालपासून वरपर्यंत ठेवला तर गरम हवा वर जायला ओढ किती लागेल? उंचीच्या दर मीटरला, दर डिग्रीला ०.०४ पास्कल (हवेचा दाब) धरलं, आतबाहेर ८ डिग्रीचा फरक धरला तर १३ पास्कलच्या आसपास येतं. पण मे महिन्यात दुपारी आत गार नि बाहेर गरम, मग हवा उलटी वरून खाली यायची की! आणि रात्री खिडक्या उघडायच्या कुणी?

प्रतिसाद:
ताई, उलटी येणारच, म्हणून दुपारी चौकाची वरची तोंडं बंदच ठेवायची. फ्रँकफर्टला जुलैत दुपारचं तापमान सरासरी २५-२६, ती दुहेरी काच इकडं आणू नका. ऊन काचेच्या बाहेरच अडवा, एकदा आत आलं की पडदे लावून काही होत नाही. पश्चिमेचं ऊन सूर्य खाली उतरल्यावर आडवं आत येतं, तिथं छज्जा कामाचा नाही, उभ्या पट्ट्या किंवा जाळी द्या. बीबी का मकबऱ्यातली जाळी बघितलीच असेल, उजेड येतो आणि ऊन बाहेर राहतं.

तुमच्या आजीचं गणित झिंबाब्वेत हरारेच्या ईस्टगेट बिल्डिंगमध्ये आहे, १९९६, आर्किटेक्ट मिक पिअर्स, रात्रीची गार हवा पंख्यांनी जड काँक्रीटमधून फिरवतात. पण हरारे दीड हजार मीटर उंचावर, तिथल्या रात्री थंड. आपल्याकडं मेच्या रात्री सरासरी २४-२५ पर्यंतच उतरतात, तेव्हा मे एसीवर काढा, ऑक्टोबर ते मार्च खिडक्यांवर. आणि फॉल्स सीलिंग टाकलं की संपलं, स्लॅब उघडा असला तरच रात्री थंड होतो. रात्रीसाठी खिडकीच्या वर मोटरनं उघडणारे लूव्हर (तिरप्या पट्ट्यांची झडप), पक्ष्यांची जाळी, पावसाचा सेन्सर. चौक सलग ठेवू नका, आग लागली तर धूर त्यातूनच चढतो, कॉमर्झबँकेतसुद्धा दर १२ मजल्यांवर काचेनं तोडलाय. २४ मीटरच्या वर गेलात म्हणजे रेफ्युज एरिया (आगीच्या वेळी लोकांनी थांबायची सुरक्षित जागा) लागणारच, तो दोन्ही बाजूंनी वारा येईल असा बसवा.

धागाकर्ती:
दादा, फॉल्स सीलिंगचं डोक्यातच आलं नव्हतं, इंटिरियरवाल्यानं सगळीकडं जिप्सम दाखवलंय. आज सेक्शन (बिल्डिंगचा उभा छेद) पुन्हा काढायला घेते, चौक चार-चार मजल्यांचा. पश्चिमेला भाजलेल्या मातीची जाळी लावायचा विचार आहे, मराठवाड्यात कुणी १२ मजल्याच्या वाऱ्याला टिकेल अशी लोखंडी चौकटीत बसवून घेतली असेल तर फोटो टाका, आणि वरच्या मजल्यांवर ती धुता कशी ते पण सांगा.