मदत हवी आहे: बाळाच्या फाईलवर 'सपोर्टिव्ह केअर' म्हणजे नक्की काय?

ताईचं बाळ काविळीमुळे एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) निळ्या दिव्यांखाली आहे. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट. फाईलवर लिहिलंय: 'डबल सरफेस फोटोथेरपी, सपोर्टिव्ह केअर, रिबाउंड बिलिरुबिन'.

फोटोथेरपी डॉक्टरांनी समजावली. साधारण 460 ते 490 नॅनोमीटरचा निळा प्रकाश त्वचेतल्या बिलिरुबिनचं (काविळीत अंग पिवळं करणाऱ्या द्रव्याचं) रूप बदलतो, मग ते पित्तातून, लघवीतून बाहेर पडतं. डबल सरफेस म्हणजे वरून आणि खालून, दोन्हीकडून प्रकाश. हे अतिनील किरण नव्हेत, हेही सांगितलं, तेव्हा कुठे आईचा जीव भांड्यात पडला. रिबाउंड म्हणजे दिवे बंद केल्यावर कावीळ पुन्हा वाढते का ते पाहायचं.

पण 'सपोर्टिव्ह केअर' वाचून घरात सगळ्यांना व्हेंटिलेटरच आठवला! बाळ तर बाहेर काढलं की छान दूध पितंय. यात फक्त दूध, तापमान, वजन, शी-शू यांवर लक्ष ठेवणं येतं, की आणखी काही? कुणी बालरोगतज्ज्ञ किंवा एनआयसीयू सिस्टर असतील तर कृपया सांगा. उद्या राउंडला डॉक्टरांना काय विचारावं तेही सुचवा.

(कोवळ्या उन्हात ठेवा, हा सल्ला आजीकडून मिळालाय. तो नको.)