तापमानाची मर्यादा ओलांडायची मुभा ऑपरेटिंग सिस्टीमने द्यावी का?

कुपवाडकर: द्यावी. लॅपटॉप गार असूनही प्रोसेसर ४०० किंवा ८०० मेगाहर्ट्झवर अडकतो, हा जुन्या इंटेल मशीनचा नेहमीचा दोष. कारण बीडी प्रोचॉट, म्हणजे ‘तापलंय, वेग कमी कर’ असा बोर्डाने प्रोसेसरला दिलेला सिग्नल. बोर्डवरचा सेन्सर मेला किंवा चार्जरची ओळख पटली नाही, की बोर्ड प्रोसेसरला दाबून ठेवतो. लिनक्सवर प्रोसेसरची आतली रजिस्टरं वाचू-लिहू देणारं एमएसआर मॉड्यूल लोड करा, १एफसी रजिस्टर वाचा, शेवटचा बिट १ असेल तर ० करून लिहा. काम झालं. पण सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असला की बऱ्याच डिस्ट्रोंत, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या रूपांत, कर्नल लॉकडाउन (सिस्टीमच्या गाभ्याला घातलेलं कुलूप) हे लिहूच देत नाही. एका सेन्सरपायी अख्खा बोर्ड बदलायचा का?

मिरजेचा हार्डवेअरवाला: सेन्सरच मेलाय हे कशावरून? प्रोसेसरला वीज पुरवणारी व्हीआरएम तापली किंवा चार्जर कमी वॅटचा असला तरी तोच सिग्नल येतो. ६५ वॅटच्या मशीनला ४५ चा चार्जर लावून बिट काढला तर चार्जरवर नको तेवढा भार येतो. प्रोसेसरला स्वतःचं तापमान कळतं, शेजारच्या मॉसफेटचं (व्हीआरएममधल्या वीज-स्विचचं) किंवा बॅटरीचं नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तर ढोबळमानाने दर १० अंशांना निम्मं होतं.

कुपवाडकर: म्हणून आधी मूळ वॅटचा चार्जर लावायचा, मग बॅटरी काढून चालवायचं, तरीही अडकला तरच बिट. प्रोसेसरची स्वतःची १०० अंशांच्या आसपासची मर्यादा आणि त्यापुढचं थर्मट्रिप (अति तापल्यावर आपोआप बंद पडणं) शाबूत राहतं. ते सॉफ्टवेअरच्या हातात नाहीच.

तासगावकर: रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा नियम बरा. टेम्प लिमिट (तापमानाची मर्यादा) ९० लिहिलं तरी फर्मवेअर ८५ च धरतो. द्राक्षबागेतल्या हवामान केंद्राचा बंद डबा एप्रिलच्या उन्हात असेल, तर मर्यादा वाढवून काय साधणार? डबा पांढरा करा, सावली द्या, रास्पबेरी पाय ४ चा क्लॉक १५०० वरून १२०० मेगाहर्ट्झ करा.

यार्डातला: सांगली मार्केट यार्डात आधी हीटसिंक उघडा. हळदीची पूड पात्यांमध्ये घट्ट बसते, हवा जातच नाही. पंखा बोटाने धरूनच ब्लोअर मारा, नाहीतर बेअरिंग जातं. प्रोसेसरवर लावायची थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी. खोली २५ अंशांवर असताना १०० पर्यंत ७५ चं अंतर मिळतं, ४० वर फक्त ६०. म्हणजे तोच हीटसिंक एक पंचमांश कमी उष्णता बाहेर टाकतो.

मिरजेचा हार्डवेअरवाला: हे पटलं. कुपवाडकर, बिटापुरती मुभा असू दे. पण थर्मल.नोसीआरटी=१ देऊन अति तापल्यावरचा क्रिटिकल शटडाउनच बंद करायची सोय कर्नलमध्ये आहे, तिचं काय?

कुपवाडकर: सेन्सर १२७ अंश असा खोटा आकडा दाखवून मशीन बूटच होऊ देत नसेल, तर डेटा काढण्यापुरती तीच लागते. ग्रबमध्ये (बूट मेनूत) एका बूटपुरती लिहावी, कायमची नको.